ऐकू येतं, पण आवाज जात नाही: हेडसेटच्या माइकचा बिघाड कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा हेडसेट, त्याला एकच पिन. डेस्कटॉपच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावला तर गाणी झकास वाजतात, पण कॉलवर समोरच्याला चकार शब्द ऐकू जात नाही. साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. आता विंडोजच नव्यानं टाकावं का?

नका टाकू. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होईल तो. कान चालतात आणि माइक चालत नाही, पिन एकच आहे आणि सॉकेट हिरवं आहे, एवढ्या वर्णनावरून घोटाळा पिनेत आहे असं मी जवळजवळ खात्रीनं सांगेन.

पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा (काही पिनांवर त्या पांढऱ्या असतात). दोन रेघा असतील तर धातूचे तीन तुकडे पडतात: टोक डाव्या कानाचं, मधला उजव्या कानाचा आणि शेवटचा ग्राउंड (म्हणजे सगळ्यांची परतीची सामाईक तार). तीन रेघा असतील तर तुकडे चार होतात: टोक डावा, त्यानंतर उजवा, मग ग्राउंड आणि केबलला लागून असलेला शेवटचा तुकडा माइकचा. मोबाइलला चालावेत म्हणून केलेल्या बहुतेक हेडसेटना ही चार तुकड्यांची पिन असते. डेस्कटॉपचं हिरवं सॉकेट मात्र नुसत्या हेडफोनसाठी आहे. माइकचा आवाज आत घेणारी पट्टीच त्यात नसते. म्हणजे संगणकाच्या लेखी माइक जोडलेलाच नाही. जी वस्तू जोडलेली नाही ती कुठला ड्रायव्हर चालवणार?

यावर उपाय म्हणजे स्प्लिटर. पण तो घेताना नीट बघून घ्या, कारण दिसायला सारखे असे तीन प्रकार मिळतात. तुम्हाला हवाय तो प्रकार असा: एका टोकाला एक सॉकेट, दुसऱ्या टोकाला दोन पिना, एकीवर हेडफोनचं चित्र आणि दुसरीवर माइकचं. हेडफोनची पिन हिरव्यात, माइकची गुलाबीत. दुसरा प्रकार बरोब्बर उलटा असतो, दोन सॉकेट आणि एक चार तुकड्यांची पिन. तो दोन पिनांचा जुना हेडसेट लॅपटॉपच्या एकाच भोकात बसवण्यासाठी. तिसरा दोन जणांनी एकाच फोनवर गाणी ऐकण्यासाठी असतो, त्यात माइकचा संबंधच नाही. बरेच जण हा तिसरा आणतात आणि हेडसेटच बाद म्हणून मोकळे होतात.

स्प्लिटर लावल्यावरही आवाज आला नाही, तर पिना कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये लावून बघा. पुढची सॉकेट एका बारीक केबलनं मदरबोर्डला जोडलेली असतात आणि जोडणी करताना ती केबल लावायची राहून जाणं अगदी नेहमीचं आहे. मागे निळं सॉकेटही असतं, त्यात माइक लावू नका. हेडसेटच्या माइकला काम करायला साधारण दोन-तीन व्होल्टचा बारीकसा दाब लागतो. गुलाबी सॉकेट तो पुरवतं, निळं पुरवत नाही.

तुमच्यापुरतं उत्तर इथे संपायला हरकत नाही. पण "ऐकू येतं, बोललेलं जात नाही" ही तक्रार ज्यांच्याकडून येते त्या सगळ्यांचं कारण हे नसतं, म्हणून पुढचं सविस्तर लिहितो.

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक चाचणी करायची. आवाज रेकॉर्ड करणारं साधं ॲप उघडा, फोनवर असेल ते, विंडोजवर साउंड रेकॉर्डर, मॅकवर व्हॉइस मेमोज. रेकॉर्डिंग चालू करून हेडसेटच्या माइकच्या जाळीवर नखानं हलकेच खरवडा. मग लॅपटॉपच्या स्क्रीनच्या वरच्या कडेवर, कॅमेऱ्याजवळ, तसंच खरवडा. वेगळा वेबकॅम असेल तर त्यावरही. आता रेकॉर्डिंग ऐका. ज्या ठिकाणची खरखर कानठळ्या बसवेल इतकी मोठी आली, तोच माइक संगणक ऐकतोय. नुसतं "हॅलो हॅलो" म्हणून हे कळत नाही, कारण बोललेलं खोलीतल्या सगळ्याच माइकना ऐकू जातं. माइक "नीट चालत नाही, आवाज लांबून येतो, खोलीचा घुमारा येतो" अशा तक्रारींत बहुतेकदा हेडसेटचा माइक ठणठणीत असतो, संगणक दुसरंच काही ऐकत असतो.

ही चाचणी मीटिंगच्या ॲपमध्ये करू नका, रेकॉर्डरमध्येच करा. मीटिंगच्या ॲपना पार्श्वभूमीचा गोंगाट कापायची सवय लावलेली असते आणि नखाची खरखर त्यांच्या हिशेबी गोंगाटच. चांगला माइक तिथे मुका ठरेल.

या एका चाचणीनं अर्धं रान मोकळं होतं. रेकॉर्डरमध्ये हेडसेटचा आवाज स्वच्छ आला, तर पिन, केबल, माइक आणि ड्रायव्हर सगळे सुटले. दोष फक्त त्या ॲपच्या निवडीत किंवा परवानगीत आहे. रेकॉर्डरमध्येही आला नाही, तर हेडसेट दुसऱ्या उपकरणाला लावून तीच चाचणी करा. तिथे चालला तर दोष पहिल्या उपकरणाकडे, तिथेही नाही तर हेडसेटकडे. एकच लक्षात ठेवा: दुसऱ्या उपकरणाचं सॉकेट तुमच्या पिनेला साजेसं हवं, नाहीतर वरचाच घोळ पुन्हा व्हायचा.

आता म्यूटची बटणं. हसू येईल, पण यात भलेभले अडकतात. केबलवरच्या डबीवर सरकतं बटण असतं, कानाच्या कपावर असतं, काही हेडसेटमध्ये माइकची दांडी वर उचलली की माइक आपोआप बंद होतो. दांडी काढता येण्याजोगी असेल तर ती "टक" होईपर्यंत आत गेलीय का ते बघा, अर्धवट बसलेली दांडी दिसायला व्यवस्थितच दिसते. काही लॅपटॉपवर माइक बंद करायची वेगळी की असते, तिच्यावर बारीक दिवा लागतो. ही की दाबलेली असेल तर बाहेरून लावलेला माइकही मुका होऊ शकतो. आणि दांडीच्या माइकला पुढची बाजू असते: बारीक छिद्र किंवा ठिपका ज्या बाजूला, ती बाजू तोंडाकडे. उलटा बसवला तर आवाज जातो, पण खोल विहिरीतून आल्यासारखा. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवा, थेट तोंडासमोर नको, नाहीतर प्रत्येक "प" आणि "फ" बरोबर फुंकर आदळेल.

विंडोजमध्ये तीन ठिकाणं बघायची, आणि या क्रमानं. पहिलं, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन. तिथे वरचं मुख्य बटण चालू असतं, ॲपच्या यादीतही सगळं हिरवंगार दिसतं, पण अगदी खाली डेस्कटॉप ॲपना परवानगी देणारं वेगळं बटण असतं आणि ते बंद असू शकतं. ब्राउझर आणि मीटिंगची बरीच ॲप याच खालच्या गटात मोडतात. दुसरं, साउंडच्या सेटिंगमध्ये इनपुट. तिथल्या यादीत हेडसेट निवडा आणि बोलताना शेजारची पट्टी हलते का ते बघा. तिसरं, जुन्या कंट्रोल पॅनलच्या साउंडमधला रेकॉर्डिंगचा टॅब. मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करून बंद केलेली उपकरणं दाखवायला सांगितलं की कधीकधी हेडसेटचा माइक करड्या रंगात पडलेला सापडतो. याच टॅबमध्ये दोन "डीफॉल्ट" असतात, एक सर्वसाधारण आणि एक संभाषणासाठीचा. रेकॉर्डर पहिला वापरतो, कॉलची काही ॲप दुसरा वापरतात. रेकॉर्डिंग चांगलं होतं पण कॉलवर आवाज जात नाही, या कोड्याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

पट्टी हलते पण जेमतेम, असं असेल तर माइकच्या गुणधर्मांमध्ये लेव्हल्स उघडा. लेव्हल ८० ते ९० पर्यंत न्या. तरीही कमी पडलं तर बूस्ट द्या. तो बहुतेक वेळा १० डेसिबलच्या पायऱ्यांनी ३० पर्यंत जातो. मी १० वर थांबतो, फार तर २०. त्यापुढे आवाजाबरोबर सूं-सूंही तितकीच वाढते आणि समोरच्याला पंखा बोलतोय की माणूस ते कळत नाही.

मॅकवर २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला माइकची परवानगी वेगळी द्यावी लागते. एकदा घाईत नकार दिला की ॲप पुन्हा विचारत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन हातानं द्यावी लागते आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. अँड्रॉइड १२ पासून वरून ओढायच्या पट्टीत सगळ्या ॲपचा माइक एकदम तोडणारं बटण ठेवता येतं. चुकून दाबलं जातं, आणि मग ॲपमधल्या परवानग्या बरोबर असूनही शांतता. ब्राउझरमध्ये परवानगी प्रत्येक साइटची वेगळी असते, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून बघा. त्याच ठिकाणी किंवा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कुठला माइक वापरायचा हेही निवडता येतं, आणि तो निवडलेला माइक कित्येकदा मागच्या महिन्यात काढून ठेवलेला असतो. लिनक्सवाल्यांनी आवाजाच्या कंट्रोलमध्ये उपकरणाचं प्रोफाइल बघावं. तिथे नुसतं आउटपुट निवडलेलं असेल तर इनपुटच्या यादीत माइक दिसणारच नाही.

लॅपटॉपच्या एकाच सॉकेटबद्दल एक गोष्ट. पिन घातल्यावर काही लॅपटॉपवर एक छोटी खिडकी येते: काय जोडलंत, हेडफोन की हेडसेट? लोक वाचत नाहीत, पहिलं असेल ते दाबतात, आणि पहिलं बहुधा हेडफोन असतं. झालं, माइकची वाट बंद. पिन काढून पुन्हा घाला आणि हेडसेट निवडा. खिडकी परत येतच नसेल तर साउंड कार्डच्या कंपनीचं जे कन्सोल ॲप असतं, त्यात जाऊन बदला.

ब्लूटूथची गोष्ट निराळी, आणि तिथे "बिघाड" या शब्दाखाली जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं बिघाड नसतंच. पारंपरिक ब्लूटूथमध्ये संगीतासाठी एटूडीपी नावाचा प्रोफाइल आहे. तो या कामापुरता एकेरी रस्ता आहे, आवाज फक्त कानाकडे येतो. माइक हवा असेल तर हेडसेटला एचएफपी या दुसऱ्या प्रोफाइलवर जावं लागतं. तो दुहेरी आहे, पण अरुंद. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात, २०११ च्या सुधारणेनंतर १६,०००. संगीतात हाच आकडा सहसा ४४,१०० असतो. म्हणून खेळ किंवा गाणं चालू असताना एखाद्या ॲपनं माइक उघडला की अख्खा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. हेडसेट खराब झालेला नसतो. ज्यांना हे खटकतं त्यांना मी सांगतो: ऐकायला ब्लूटूथ हेडसेट ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेबकॅमचा निवडा. ब्लूटूथ एलई ऑडिओ या नव्या पद्धतीनं ही अडचण बरीच सुटते, पण ती हेडसेट आणि संगणक दोघांकडेही असावी लागते.

माइक यादीत दिसतच नसेल, तर विंडोजमध्ये त्या ब्लूटूथ उपकरणाच्या सेवांमध्ये हँड्सफ्री टेलिफोनी बंद केलेली आहे का ते बघा. चपट्या आवाजाला वैतागून "ही खूण काढा म्हणजे आवाज सुधारतो" हा सल्ला कुणीतरी कधीतरी देतो, माणूस तो पाळतो आणि विसरतो. आवाज सुधारतो हे खरं, पण त्याच बरोबर माइक गायब होतो. जुन्या विंडोजमध्ये एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसतात, स्टीरिओ आणि हँड्सफ्री. माइक फक्त दुसरीला असतो. आणि हेडसेट एकाच वेळी फोनलाही जोडलेला असेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करून चाचणी घ्या, कारण फोनवर एखादं ॲप माइक धरून बसलेलं असू शकतं.

यूएसबी हेडसेट तुलनेनं सरळ असतात. त्यांच्या डबीतच साउंड कार्ड असतं, त्यामुळे संगणकाच्या गुलाबी-हिरव्याशी आणि त्या साउंड कार्डच्या ड्रायव्हरशी त्यांचं देणंघेणं नाही. हबमधून काढून थेट संगणकाला लावा आणि इनपुटच्या यादीत त्याचं नाव निवडा, बहुतेक वेळा काम होतं. यूएसबी-सी वरून ३.५ मिलिमीटरचं सॉकेट देणाऱ्या छोट्या ॲडॉप्टरचं मात्र तसं नाही. काहींच्या आत स्वतःचं साउंड कार्ड असतं, काहींत नुसत्या तारा असतात आणि ते मोजक्याच फोनवर चालतात. काहींमध्ये माइकची वाट दिलेलीच नसते. माइकचा उल्लेख वर्णनात नसेल तर तो नाही असं समजून चाला.

आता हेडसेटमधलाच दोष. सगळ्यांत आधी सॉकेट. फोन खिशात राहतो, सॉकेटमध्ये कापसासारखी धूळ ठासली जाते, आणि पिन शेवटचा मिलिमीटरभर आत जात नाही. जाड कव्हरमुळेही हेच होतं. पिनेचे तुकडे आतल्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, कान कसेबसे चालतात आणि माइक मरतो. कव्हर काढून, टॉर्च मारून बघा. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं धूळ हलकेच बाहेर काढा, टाचणी घालू नका.

गाण्यातला गायक गायब आहे आणि नुसती वाद्यं पोकळ ऐकू येतायत, असं होत असेल तर केबलवरचं मधलं बटण दाबून धरा. दाबताच गाणं भरदार झालं, तर हेडसेट आणि उपकरण यांची जोडणी वेगवेगळ्या पद्धतीची आहे. चार तुकड्यांच्या पिनेत दोन पद्धती होत्या: आज रुळलेल्या सीटीआयएमध्ये माइक शेवटच्या तुकड्यावर असतो, आणि जुन्या ओएमटीपीमध्ये माइक आणि ग्राउंड यांची अदलाबदल असते. ते बटण माइक आणि ग्राउंड यांना जोडून टाकतं, म्हणून तेवढ्यापुरता आवाज सुधारतो. दोन्हींची अदलाबदल करणारं छोटं ॲडॉप्टर मिळतं, हेडसेट फेकायची गरज नाही.

याच बटणामुळे दुसरा एक फसवा दोष होतो. फोन ही बटणं माइकच्याच तारेवरून, प्रत्येकाच्या वेगळ्या विद्युत रोधावरून ओळखतो (रोध ओहममध्ये मोजतात): अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापात मधलं बटण म्हणजे जवळपास शून्य ओहम, आवाज वाढवण्याचं २४० आणि कमी करण्याचं ४७०. घामानं किंवा धुळीनं बटण आतून चिकटलं, की फोनला वाटतं ते सतत दाबलेलं आहे. माइक मुका होतो, गाणी आपोआप थांबतात-सुरू होतात, आवाजाची पट्टी स्वतःहून वरखाली होते. अशी लक्षणं माइक बंद पडण्याबरोबर दिसली तर माइकला नाही, बटणाच्या डबीला धरा. डबी उघडता येत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पूर्ण सुकू द्या.

राहिली केबल. रेकॉर्डर चालू ठेवून एकसारखं मोठ्यानं अंक म्हणत राहा आणि दुसऱ्या हातानं केबल थोडीथोडी वाकवत जा: आधी पिनेजवळ, मग डबीच्या दोन्ही बाजूंना, मग कपात शिरते तिथे. मागाहून ऐकताना आवाज जिथे तुटतो किंवा कडकड येते, त्या अंकावरून जागा सापडते. ती बहुतेक वेळा पिनेच्या रबराखालच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच असते, कारण रोजचं वळण तिथे पडतं. डाग द्यायचा हात असेल तर तेवढा भाग कापून नवी चार तुकड्यांची पिन बसवता येते. तारा केसाइतक्या बारीक असतात आणि त्यांच्यावर रंगीत लाखेचा थर असतो. तो आधी गरम सोल्डरिंग आयर्ननं जाळल्याशिवाय डाग धरत नाही. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. जुन्या पिनेचं रबर चिरून कुठली तार कुठल्या तुकड्याला होती ते मल्टीमीटरनं तपासा आणि कागदावर लिहा. नव्या पिनेचं टोपण मात्र डाग देण्याआधीच केबलमध्ये ओवून ठेवा.